ठिपका-चांदणीच्या ओळी

आमच्या धंद्यात ‘लेगसी’ हा शब्द फार आदराने उच्चारतात. मीटिंगमध्ये कुणी तो म्हटला की बाकीचे माना डोलावतात. त्याचा खरा अर्थ एवढाच, की वस्तू अजून चालते आहे, कामाचीही आहे, पण ती ज्यांनी उभी केली ती माणसं आता आम्हाला नको आहेत. मी बावन्न वर्षांची आहे. हा शब्द कानावर आला की मी आधी बघते, बोलणाऱ्याचं तोंड कुणाकडे आहे.

मी सॉफ्टवेअर तयार करत नाही. ते कसं चालवायचं याची पुस्तकं लिहिते. असंही काही काम असतं हे धाराशिवमध्ये कुणाला पटत नाही. शेजारच्या बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की ह्या घरात बसून टायपिंग करतात. पूर्वी मी त्यांना समजावून सांगायचे. आता नाही सांगत, कारण गेल्या दीड वर्षात मी जे केलं त्याला टायपिंग म्हणणंही जरा जास्तच होईल.

हे काम मला ज्यांनी शिकवलं त्यांना मी सर म्हणते. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या कंपनीत रुजू झाले, तेव्हा ते तिथे जुने झाले होते. उमरग्याचे. अंगावर कायम कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की पुण्याची पोरं पाठीमागे नक्कल करायची. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं. मी उस्मानाबाद म्हटलं, तेव्हा गावाचं तेच नाव होतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“म्हंजे आपल्याच जिल्ह्याची की. बस माय, बस. आता तुला खरं सांगायला हरकत न्हाय.”

खरं म्हणजे काय, ते मला कळायला आठवडा लागला.

परदेशातली एक मोठी पेन्शन देणारी संस्था आमची गिऱ्हाईक होती. तिचा सगळा कारभार मेनफ्रेमवर चालायचा. मेनफ्रेम म्हणजे जुन्या पद्धतीचा मोठा कॉम्प्युटर, जो एका खोलीत बसतो आणि हजारो माणसांची कामं एका दमात उरकतो. तो चालवणारे ऑपरेटर आमच्याकडे पाळीपाळीने बसत, आणि त्यांनी काय करायचं ते सांगणारी पुस्तकं सर लिहीत. ही पुस्तकं त्याच यंत्रात टाइप करायची. कुठे मथळा, कुठे परिच्छेद, हे खुणांनी दाखवायचं. त्या खुणांत एक खूण अशी होती, की ओळीच्या सुरुवातीला ठिपका आणि त्यापुढे चांदणी, म्हणजे स्टारची खूण, टाकली, तर ती ओळ छापली जात नसे. लिहिणाऱ्याने स्वतःसाठी काही टिपून ठेवावं, एवढ्यासाठी ती सोय होती.

सरांनी त्या सोयीत अख्खं दुसरं पुस्तक लिहून ठेवलं होतं.

कारण असं, की छापील पुस्तक आधी गिऱ्हाइकाच्या तपासनिसाकडे जायचं. तो लाल पेन घेऊन बसलेला. ज्या वाक्यातून त्यांच्या प्रोग्रॅममध्ये खोट आहे असं दिसेल, ते वाक्य तो उडवायचा. खोट दुरुस्त करायची नाही, वाक्य उडवायचं. सरांनी दोनतीनदा पत्रं लिहिली, भांडून पाहिलं, मग सोडून दिलं. तपासनिसाने उडवलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी परत लिहिलं, फक्त पुढे ठिपका-चांदणी टाकून. मला दाखवताना म्हणाले, “छापील पुस्तक सायबासाठी. ह्या ओळी आपल्यासाठी.”

त्या ओळींची इंग्रजी मोडकीतोडकी होती आणि अधूनमधून रोमन लिपीत चक्क मराठी. एका ठिकाणी होतं, इथं थांबा, चहा घेऊन या, मग पुढची आज्ञा द्या. मला वाटलं गंमत केली आहे. गंमत नव्हती. मागची फाइल सोडायला यंत्राला दहा मिनिटं लागत, आणि मधेच आज्ञा दिली तर सगळं अडकून बसे. दहा मिनिटं थांबा असं लिहिलं तर कुणी थांबत नाही, चहाला जा म्हटलं की जातात, हे सरांना ठाऊक होतं. मी इतकी वर्षं पुस्तकं लिहिते आहे, एवढी चांगली सूचना मला एकदाही लिहिता आलेली नाही.

नवा ऑपरेटर आला की जुना त्याला शेजारी बसवायचा आणि छापील पुस्तक बाजूला सारून मूळ फाइल उघडून दाखवायचा. असा रिवाजच होता. आणि हा रिवाज आम्ही कुठेही लिहिला नव्हता. एका छताखाली सगळे पुस्तकं लिहिणारे, पण कुठलं पुस्तक वाचायचं हे तोंडी सांगायचं. आज मला याचा संताप येतो. तेव्हा मात्र आपण फार हुशार आहोत असं वाटायचं.

त्यातली एक ओळ मला इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. दर महिन्याला यंत्र पेन्शनरांची यादी तपासायचं. ज्यांचा हयातीचा दाखला आला ते एका फाइलीत. ज्यांचा नाही आला आणि कळवूनही उत्तर नाही, ते दुसऱ्या फाइलीत, आणि त्यांच्या घरी दुखवट्याचं पत्र. हे काम मधेच बंद पडलं तर छापील पुस्तकात लिहिलं होतं, काम पुन्हा सुरू करावे. त्याखाली सरांची ठिपक्याची ओळ होती. आधी अर्धी राहिलेली फाइल पुसा, मगच सुरू करा. न पुसता सुरू केलं तर दोन्ही याद्या मिसळतात आणि जिवंत माणसांच्या घरी दुखवट्याची पत्रं जातात. एकदा गेलेली आहेत. तपासनिसाने नेमकं हेच वाक्य उडवलं होतं, कारण एकदा गेलेली आहेत हे त्यांना कागदावर नको होतं.

सर निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. जाताना ते माझ्या टेबलापाशी आले. मी डब्याचं झाकण लावत होते. म्हणाले, “पुस्तकं कुठंबी न्या, कशातबी घाला. ठिपक्याच्या ओळी तेवढ्या संभाळ.”

“काळजीच करू नका सर,” मी म्हणाले. झाकण नीट बसत नव्हतं, माझं लक्ष तिकडे होतं.

पुढे वडील एकटे पडले म्हणून मी धाराशिवला परत आले. कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली. मागच्या खोलीत टेबल टाकलं, इन्व्हर्टर घेतला, आणि पुण्यात करत होते तेच इथे करू लागले. वडील निवृत्त शिक्षक आहेत. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जातात, त्या दिवशी दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून. मी एकदा म्हटलं की हे आता मोबाइलवर होतं. तर म्हणाले, मी जिवंत आहे हे मी स्वतः जाऊन सांगणार.

वर्षभरात फर्मान आलं. मेनफ्रेमवरची सगळी पुस्तकं तिथून काढून नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायची. वेबसाइटसारखी पानं, शोधायला चौकोन, मोबाइलवरही दिसतील. प्रत्येक पानाच्या तळाशी प्रश्न, ही माहिती उपयोगी पडली का, आणि त्यापुढे वर आणि खाली केलेले दोन अंगठे. पुस्तकं आपोआप बदलून देणारा एक प्रोग्रॅम होता. त्याला नियम लिहून द्यायचं काम माझं. कंपनीत या जुन्या खुणा ओळखणारी मी एकटीच उरले होते. म्हणजे लेगसी.

प्रोग्रॅम चालवला की त्याला न समजलेल्या प्रत्येक जागी तो पिवळी खूण करायचा. पहिल्या दिवशी पडदा नुसता पिवळा झाला. बहुतेक सगळ्या खुणा ठिपका-चांदणीच्या ओळींवर होत्या. नव्या प्लॅटफॉर्मवर न छापायच्या ओळीला जागाच नव्हती. एकतर ती सगळ्यांना दाखवायची, नाहीतर नव्याने आतल्या लोकांसाठीची टीप म्हणून एकेक लावत बसायचं.

माझा मॅनेजर पुण्यात. पोरगा वाईट नाही, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलतो गोड. त्याला मी विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, ते कंटेंट नाहीये ना. प्रिंटच होत नव्हतं.”

मी म्हटलं, त्यात कामाच्या गोष्टी आहेत.

“असतील ना. मग कुणीतरी एकेक वाचून ठरवावं लागेल. तुम्हीच कराल? तीन आठवडे लागतील. डिलिव्हरी तर पुढच्या शुक्रवारी आहे.”

मी भांडले, टेबलावर हात आपटला, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी एकदाच म्हटलं आणि गप्प बसले. तीन आठवडे म्हणजे माझेच तीन आठवडे, जास्तीचे. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. पाठ दुखत होती. ही झाली कारणं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. त्या पिवळ्या पडद्याचा, त्या मोडक्या इंग्रजीचा, आणि थोडा सरांचासुद्धा.

नियम एका ओळीचा होता. सुरुवातीला ठिपका आणि चांदणी असेल ती ओळ सोडून द्या. मी तो लिहिला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडदा पांढरा स्वच्छ झाला. जाण्याआधी चहाची ओळ ओझरती दिसली आणि मी हसलेही. मॅनेजरने टाळ्यांचं चित्र पाठवलं. मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

काही महिन्यांनी करारात ठरल्याप्रमाणे जुन्या पुस्तकांच्या मूळ फाइली कायमच्या पुसल्या गेल्या. पुसण्याला मंजुरी देणाऱ्या फॉर्मवर माझाही होकार लागत होता. तो मी दिला. फॉर्ममध्ये गावाच्या जागी अजून जुनंच नाव येत होतं, ते बदलत नाही म्हणून मी तक्रार मात्र आठवणीने नोंदवली.

पुस्तकं नव्या घरी गेली तरी पेन्शनचं काम अजून मेनफ्रेमवरच होतं. तेही हलवायचं चाललं होतं आणि त्यासाठी कंपनीला पुन्हा सरांची आठवण झाली. आठवड्यातून दोन दिवस, तासभर, व्हिडिओवर येऊन त्यांनी नव्या मुलांच्या शंका सोडवायच्या. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या की सोमवारी आणि गुरुवारी सकाळीच शर्टाला इस्त्री होते. गल्लीतल्या दवाखान्याच्या कंपाउंडरला, दूधवाल्याला, सगळ्यांना ठाऊक होतं, की आज दुपारी सरांची मीटिंग आहे, आवाज करायचा नाही. त्यांच्याकडे आता एवढंच होतं आणि ते त्यांना पुरत होतं.

मग एका महिन्यात ते हयातीचं काम मधेच बंद पडलं. ऑपरेटर नवा होता, दुसऱ्या शहरातला. त्याच्या शेजारी बसून काही दाखवायला जुना कुणी नव्हता. त्याने नव्या प्लॅटफॉर्मवर शोधलं. पान क्षणात उघडलं. देखणं पान, मीच केलेलं. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, काम पुन्हा सुरू करावे. त्याने सुरू केलं.

जिवंत माणसांच्या घरी दुखवट्याची पत्रं गेली. बायकोच्या हातात नवऱ्याच्या दुखवट्याचं पत्र, आणि नवरा समोर बसून चहा पितो आहे. एका म्हाताऱ्याने स्वतःच फोन करून सांगितलं म्हणे, की मी अजून आहे. मीटिंगमध्ये हे ऐकून कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मागच्या खोलीच्या दारातून मला वडील दिसत होते, ऑपरेशन झालेल्या एका डोळ्याने पेपर वाचत बसलेले.

चौकशी झाली. अहवाल लिहायचा म्हणजे कुणाचीतरी चूक हवी. ऑपरेटरने पानावर होतं तेच केलं होतं, म्हणजे तो सुटला. पान पुस्तकावरून जसंच्या तसं आलं होतं, म्हणजे आम्ही सुटलो. राहिलं पुस्तक. पुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखक म्हणून सरांचं नाव होतं. ते मात्र आमच्या प्रोग्रॅमने अगदी बिनचूक आणलं होतं.

गुरुवारी दुपारी सरांना मीटिंगमध्ये घेतलं. त्यांना वाटलं, नेहमीच्या शंका असतील. मॅनेजरने गोड शब्दांत विचारलं, की फाइल पुसायची पायरी लिहायची राहून गेली होती का. सर आधी इंग्रजीत म्हणाले, मी लिहिलं आहे. मग घाईघाईने मराठीत आले. “म्या लिव्हलंय ते. काम सुरू करा म्हणलंय ना, त्याच्याच खाली. ठिपक्याच्या ओळीत बघा.”

मॅनेजर म्हणाला, “सर, आम्ही सगळं सर्च केलं. कुठेच नाहीये.”

“आसंल की. छापल्यालं न्हाय, आतमधी आसंल. मॅडमला इचारा, त्यांना ठावं हाय.”

मला ते एरवी कधी मॅडम म्हणाले नव्हते. चारचौघांत माझा मान राखत होते.

मॅनेजरने मला विचारलं, “मॅडम, तुम्हाला काही माहितीये याबद्दल?”

माझा कॅमेरा बंद होता. आवाजही बंद होता. मी आवाज सुरू केला आणि म्हणाले, “मला बघावं लागेल.”

एवढंच. पाच सेकंदांचं काम. सर पडद्याकडे वाकले. माझ्या नावाच्या काळ्या चौकोनात काही दिसतंय का ते बघत असावेत. मी पुन्हा आवाज बंद केला. नंतर कुणी काही विचारलं नाही. अहवालात वाक्य आलं, की मूळ लेखकाने ही पायरी नोंदवलेली नव्हती. पुढच्या सोमवारी सरांना मीटिंगचं बोलावणं गेलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही.

मी भ्याले होते. पन्नाशीनंतर धाराशिवमध्ये बसून या कामाची दुसरी नोकरी मिळत नाही. पण भीती ही काही मोठी सबब नाही. भीती सरांनाही तपासनिसाची असेलच की, आणि त्यांनी तरी लिहून ठेवलंच होतं.

तीनेक आठवड्यांनी काकूंचा फोन आला. “तुमचे सर सारखे जुन्या वह्या उचकतेत. जेवायला बसले तरी तेच, म्या लिव्हलं व्हतं का न्हाय. परवा डाक्टरकडं चला म्हणले, डोक्याचं तपासून घिऊ म्हणले. तुमी एकदा यिऊन जावा बाई.”

रविवारी मी सकाळची एसटी धरली. तुळजापूरला निम्मी गाडी उतरली, मग खिडकी मिळाली. नळदुर्गपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. पुढे हायवेला ट्रकांची रांग लागली, तेव्हा जुळवायचं सोडून दिलं. उमरग्यात स्टँडपासून चालत गेले. गल्लीत दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या कंपाउंडरने आपणहून घर दाखवलं. “सरांकडं का? आजकाल मीटिंग नसती त्यांची,” तो म्हणाला.

सर बाहेरच्या खोलीत होते. शर्ट पांढराच, पण इस्त्री नव्हती. भिंतीवर कंपनीचं घड्याळ. खाली सतरंजीवर वह्या पसरलेल्या. मला बघून खूश झाले. काकूंना चहा टाकायला सांगितला, वडिलांच्या डोळ्यांची चौकशी केली, बस मिळाली का विचारलं. मग एक वही पुढे सरकवून म्हणाले, “हे बघ, तारखा जुळतेत. पण ती ओळ कुठं टिपलेली न्हाय. म्या म्हणतो लिव्हली. पण लिव्हली आसती तर घावली आसती ना? ती पोरं काय खोटं बोलतील? वय झालं माय. मला वाटाय लागलं, की नुसतं मनात लिव्हली आन कागदावर राहूनच गेली.”

मी ठरवून काही बोलले नाही, ते तोंडातून आलंच. “तुम्ही लिहिली होती सर. मी काढली.”

आत स्टोव्हचा आवाज येत होता.

“ती ओळ?”

“सगळ्या. ठिपक्याच्या सगळ्या ओळी. नियम लिहून एकदम काढल्या. मूळ फाइलीही पुसल्या, आता कुठेच नाहीत. तुम्ही मीटिंगमध्ये म्हणालात तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मी बोलले नाही.”

मला वाटलं ओरडतील. ओरडायला हवे होते. त्यांनी सतरंजीवरची वही मिटली आणि विचारलं, “काढायच्या आधी वाचल्या व्हत्या का?”

“नाही.”

“एकबी न्हाय?”

“चहाची दिसली होती.”

काकू चहा घेऊन आल्या आणि आमची तोंडं बघून कपबश्या ठेवून तशाच आत गेल्या. मग सर म्हणाले, “वाचून, इचार करून काढल्या आसत्या, तर म्या म्हणलो आसतो, तुझं काम तू जाणतीस. लई वर्षं लिव्हत व्हतो गं.”

मी रडले. रडून काही फरक पडत नव्हता, तरी रडले आणि पदराने तोंड पुसलं. माफ करा म्हणाले. त्यावर मात्र ते एकदम चिडले.

“मला काय सांगतीस? म्या लिव्हलंय हे मला आता कळलं, झालं. ज्यांनी अहवाल लिव्हला त्यांला सांग. हितं सांगून काय उपेग हाय?”

खरं होतं. मी नव्वद किलोमीटर बसमधून गेले होते, ते ज्याच्याकडून शिक्षा होणार नाही अशा एकाच माणसाला सांगायला. दारापर्यंत सोडायला ते आले नाहीत. काकू आल्या. हातात कडकण्यांची पिशवी दिली. मला नको म्हणता आलं नाही.

सोमवारी सकाळी मी मॅनेजरला मेल लिहिला. नियम मी लिहिला, ओळ होती, लेखकाने धोका स्वच्छ नोंदवला होता, चूक माझी आहे, अहवालातलं वाक्य बदलावं आणि सरांना तसं कळवावं. नोकरी गेली तर जाऊ दे असं ठरवून पाठवला. नोकरी गेली नाही. मला त्या प्रकल्पावरून काढून दुसऱ्या एका पुस्तकावर घातलं. मॅनेजरचा फोनही आला नाही, चार दिवसांनी लेखी उत्तर तेवढं आलं. अहवाल गिऱ्हाइकाने मंजूर करून बंद केला आहे, बंद अहवालात बदल करता येत नाही. तुमचं म्हणणं कमेंट म्हणून जोडलेलं आहे.

मी अहवाल उघडून बघितला. सगळं पान नेहमीसारखंच होतं, ते वाक्य होतं त्या जागी होतं. उजव्या कोपऱ्यात एक बारीक खूण आहे, तिच्यावर दाबलं तर कमेंट उघडते. अहवाल छापला किंवा कुणाला पाठवला, तर ती त्यात येत नाही. मी छापून बघितला. नाही येत.

दुपारी सरांना फोन केला. काकूंनी उचलला आणि त्यांच्याकडे दिला.

“सांगितलं सर. लिहून दिलं.”

“वाक्य बदललं का?”

“नाही. तुमचं नाव तसंच आहे. माझं म्हणणं कमेंटमध्ये टाकलंय.”

“छापताना येतं का ते?”

“नाही सर.”

पलीकडे हायवेवरचा हॉर्न ऐकू आला. मग ते म्हणाले, “आसू दे. पुढं कोणतरी उघडून वाचंल.”

ही आशा ते मला सांगत होते. त्या ओळी वाचायला शिकवलेलं शेवटचं माणूस मी होते, आणि पुसण्याआधी मी त्या उघडूनसुद्धा बघितल्या नव्हत्या. व्हय सर, म्हणाले मी, आणि फोन ठेवला.